पडद्यातला कॅमेरा

लातूर, ४ ऑगस्ट २०२२

सुके,

फोन असताना ही बाई कागद का काळे करते, असं तुझ्या मनात येईल. वाच, मग कळेल. उर्दूत लिहिलं असतं तर माझं मन जास्त मोकळं झालं असतं, पण मग तू ते नांदेडात कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस, आणि नेमकं तेच मला नको आहे.

हनीफ गेले त्यानंतर घराचा वरचा मजला मी कोचिंगच्या मुलींना दिला, हे तुला माहीत आहे. सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या. पहाटेपासून पाठांतर चालतं, घर मधमाशांचं पोळं झालंय. माझा आसिफ खालच्या गाळ्यात मोबाइल दुरुस्त करतो आणि खालीच झोपतो. जिन्यावर पाऊल टाकायचं नाही असं मी त्याला बजावलं होतं आणि पोरानं ते पाळलं.

अभ्यासाच्या खोलीत कॅमेरा हवा, हा हट्ट पालकांचा. मुली अभ्यास करतात की झोपा काढतात, यावर तुम्ही नजर ठेवा म्हणाले. जूनमध्ये केबलवाल्या मलप्पानं जुनी लाइन काढून काचेच्या तारेची नवी लाइन आणली, भिंतीला नवी पेटी ठोकली आणि त्याच हातानं कॅमेराही लावून दिला. त्या कॅमेऱ्याला कानही आहेत आणि तोंडही आहे, हे मला कुणी सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी मुली जेवून अभ्यासाला बसल्या होत्या. उदगीरची अर्शिया वहीवर डोकं टेकून पेंगत होती, ओढणी खुर्चीवर टाकलेली. एकाएकी कॅमेऱ्यातून बाप्याचा आवाज आला, "अर्शिया, सो गई क्या?" आणि तो हसला. मुली किंचाळत जिना उतरल्या. मी वर जाऊन तार उपसली. खाली येते तर एकीनं बाहेरची बाधा म्हणून लिंबू मागायला सुरुवात केली होती. भुताला वायफायचा पासवर्ड कुणी दिला, असं मी म्हणाले. हसायला कुणी तयार नव्हतं, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी अर्शियाचे वडील आले. उदगीरच्या मोंढ्यात त्यांची अडत आहे, माणूस एरवी खालच्या आवाजात बोलणारा. दारातूनच म्हणाले, "आपा, माझ्या पोरीचं नाव त्याला कसं ठावं? घरातलाच हाय कुणीतरी. आधी छडा लावा. न्हाई तर समद्या पालकांला फोन करून सांगतो." पोरीची ट्रंक उचलली आणि गेले. पोरगी हुशार आहे गं. वर्ष बुडालं तर ते तिचं लग्न करून टाकतील.

तेव्हापासून तारेला जोडलेल्या कुठल्याही वस्तूसमोर माझं तोंड उघडत नाही. म्हणून हा कागद. तू कॉलेजात हेच शिकवतेस. बाहेरून माणूस असा घरात शिरू शकतो का, एवढंच मला सांग. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात राहायचो तेव्हा सगळे मोठे मला सांगत होते की अम्मी सोलापूरच्या दवाखान्यात आहे. तू दहा वर्षांची पोर, तू एकटीनं सांगितलंस की ती ढिगाऱ्याखाली गेली. तेव्हापासून तुझा शब्द मी दुसऱ्या कुणाला विचारून पाहत नाही.

वहिदा


नांदेड, १० ऑगस्ट

प्रिय वहिदा,

पत्र दोनदा वाचलं, तुझी काळजी वाटली. पण आधी शांत हो. हे भूत नाही आणि जादूही नाही, हे माझ्या विषयातलं आहे.

तुला समजेल असं सांगते. घरातली सगळी यंत्रं, म्हणजे तुझा फोन, मुलींचे फोन, कॅमेरा, त्या भिंतीवरच्या पेटीमागे असतात. बाहेरच्या जगाला दिसते ती फक्त पेटी. घराला एकच पत्ता, तो पेटीचा. मागे कोण आहे, किती आहेत, बाहेरच्याला काही कळत नाही. तुमच्याकडे दिवाणखाना आणि आतलं घर यांच्यामध्ये पडदा असतो ना, अगदी तसं. आतल्यानं बाहेर हाक मारली तर उत्तर आत येतं. बाहेरच्यानं आपणहून आत यायचं म्हटलं तर पडद्यापाशीच थांबावं लागतं.

पेटीचा पत्ता मला पाठव. मलप्पाला सांगितलंस तर तो काढून देईल, टिंब देऊन लिहिलेले चार आकडे असतात. मी इथून ठोठावून बघते. आणि कॅमेऱ्याचं चित्र कुणाकुणाच्या फोनवर दिसतं, तेही कळव. जेवत जा. तू काळजीत असलीस की आधी जेवण सोडतेस.

तुझी
सुकन्या


लातूर, १६ ऑगस्ट

सुके,

पडदा म्हणालीस ते बरं केलंस. इतके दिवस मलप्पा काय बडबडत होता ते एका शब्दात कळलं. पेटीचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे, त्याच्याकडूनच लिहून घेतला.

चित्र दोनच फोनवर दिसायचं, माझ्या आणि आसिफच्या. माझं डोकं त्यात चालत नाही म्हणून त्याच्याही फोनवर घालून घेतलं होतं. तेसुद्धा घरातल्या वायफायवरच. गल्लीच्या तोंडाशी गेलं की चित्र गायब. मलप्पानं मुद्दाम तसं लावलं आहे, म्हणजे फोन कुठं हरवला तरी घोर नको.

एक गोष्ट लिहू की नको, असं दोन दिवस चाललंय. मी काल आसिफचा फोन बघायला मागितला. त्यात ते चित्राचं अ‍ॅप नाही. कुठं गेलं म्हटलं, तर "काढून टाकलं" म्हणाला. का म्हटलं, तर मान खाली घालून स्क्रू पिळत बसला. मग म्हणाला, "भ्या वाटलं अम्मी. समदे माझ्याकडंच बघून राहिलेत." मी पुढं काही विचारलं नाही. तुझं उत्तर आल्याशिवाय मला काही विचारायचं नाही.

आणखी दोन मुलींचे पालक येऊन गेले. जाताना जिना तेवढा निरखून बघितला.

वहिदा


नांदेड, २२ ऑगस्ट

प्रिय वहिदा,

कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसून मी तुझ्या पेटीची सगळी दारं एकेक करून ठोठावली. एकही उघडलं नाही. विद्यार्थ्यांनाही दाखवलं, नाव न सांगता अर्थातच, की घरचं जाळं असं बंदोबस्तात असावं. मलप्पाला माझ्याकडून शाबासकी सांग.

तेव्हा मनातली भीती काढून टाक. बाहेरून कुणी शिरलेलं नाही, शिरणं शक्यही नाही. जे झालं ते पडद्याच्या आतूनच झालं आहे. वायफायचा पासवर्ड ताबडतोब बदल. मुलींपैकी कुणी मैत्रिणीची खोडी काढली असेल, कुणाचा भाऊ भेटायला आला असेल. तरुण पोरं आहेत. शांतपणे, न रागावता चौकशी कर. आता शोध घरापुरताच उरला, ही एका अर्थी चांगलीच गोष्ट आहे.

सुकन्या


लातूर, २७ ऑगस्ट

सुकन्या,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. आसिफला मी घरातून काढलं.

तू खोडी म्हणतेस, भाऊ म्हणतेस. माझ्या जिन्यावर कुणाचा भाऊ येत नाही, भेटायला आलेल्याला मी ओट्यावर बसवते. पडद्याच्या आत कोण असतो ते मला शिकवायला नको. आम्ही लहानपणापासून तेच शिकतो. आत घरचा मर्द असतो, ज्याच्यापासून पडदा नाही तो. या घरात असा एकच आहे. आवाज बाप्याचा होता, नाव माहीत होतं, आणि अ‍ॅप त्यानं काढून टाकलं होतं. आणखी काय पाहिजे?

त्याची बॅग मी भरली. कपडे, चार्जर, त्याची हत्यारं. तो गाळ्याच्या शटरला पाठ लावून उभा होता. माझी नजर त्याच्या चपलांवर होती, तोंडाकडे बघायची मला लाज वाटत होती. दुसऱ्यांच्या मुली माझ्या भरवशावर माझ्या छताखाली झोपतात. मी त्यांची आधी आहे, त्याची नंतर. "जा," एवढंच म्हणाले. त्यानं बॅग उचलली. कोपऱ्यावर एकदा थांबला, मग गेला.

अर्शियाच्या वडिलांना निरोप धाडला आहे. हनीफ असते तर त्यांनी काय केलं असतं ते मला माहीत नाही. बरं झालं, नाहीत.

वहिदा


नांदेड, १ सप्टेंबर

वहिदा, अगं हे तू काय केलंस?

मी तुला चौकशी कर म्हणाले होते. तू त्याला विचारलंस का? सरळ, समोर बसवून, "तू केलंस का?" असं? तुझ्या पत्रात मला ते कुठंच दिसत नाही. मी आतून म्हणाले, याचा अर्थ आसिफ असा होत नाही. हा पोरगा माझ्या घरी राहून गेला आहे, माझ्या सासूबाईंच्या पायाला तेल लावून दिलं होतं त्यानं. तो असं करेल हे मला पटत नाही.

फोन केला तर तू उचलत नाहीस. आसिफचा बंद लागतो. तो कुठं आहे ते तरी कळव.

सुकन्या


लातूर, २० सप्टेंबर

सुके,

तुझ्या पत्राचा मला राग आला होता. आधी सांगतेस आतूनच, आणि मग आतलं कोण ते मी ओळखलं की म्हणतेस पटत नाही. तसं चार ओळींचं उत्तर लिहिलं होतं. ते फाडलं, कारण आता दुसरंच लिहायचं आहे.

आसिफ गेला, घर निवळलं असं मी सगळ्यांना सांगितलं. पालकांच्या मनातलं सावट गेलं. अर्शियाही परत आली. वडील म्हणाले, "आपा, तुमच्यासारखी आई पाहिली न्हाई." त्या शब्दांनी मला दोन दिवस ताप भरला. वायफायचा पासवर्ड बदलला आणि कॅमेरा पुन्हा चालू केला, कारण आता भीती कसली?

परवा दुपारी मी स्वतः त्या खोलीत होते, मुलींना सफरचंदाच्या फोडी कापून देत होते. कॅमेऱ्यातून आवाज आला. तेच हसणं. माझंच नाव घेतलं, मुली मारतात तशी हाक मारली, "वहिदा आंटी, हमें भी खिलाओ."

सुके, तो आसिफचा आवाज नव्हता. पहिल्यांदा मी खाली होते, मुलींनी सांगितलं तेवढंच ऐकलं होतं. या वेळी मी ऐकला. माझ्या पोराचा आवाज मला कळणार नाही का? तो वायफायच्या जवळपास नाही, नवा पासवर्ड माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, आणि मुलींच्या दोन्ही हातांत वाट्या होत्या. मग पडदा असताना तो माणूस आत आला कसा? की तिथं पडदा नव्हताच?

हे तू मला नीट सांग. घाई करू नकोस. चुकीचं ऐकायची ताकद आता माझ्यात राहिलेली नाही.

अर्शियाला वडील पुन्हा घेऊन गेले. या वेळी ट्रंकेबरोबर गादीही नेली.

वहिदा


नांदेड, २६ सप्टेंबर

प्रिय वहिदा,

पडदा नव्हता. म्हणजे एका दाराला होता, दुसऱ्याला नव्हता, आणि दुसरं दार आहे हे मी बघितलंच नाही.

इंटरनेटची पत्ते देण्याची पद्धत बदलते आहे. जुन्या पद्धतीत पत्ते अपुरे पडले म्हणून घराला एकच द्यायचे आणि सगळी यंत्रं त्यामागे दाटीनं बसायची. तुला सांगितलेला पडदा तो हाच. तो कुणी राखणीसाठी शिवलेला नव्हता गं. तुटवड्यामुळे आपोआप पडला होता, आणि आम्ही शिकवणारे त्यालाच सुरक्षा म्हणत आलो. नव्या पद्धतीत पत्ते अफाट आहेत. तिथं प्रत्येक यंत्राला जगभर चालणारा स्वतःचा पत्ता मिळतो. तुझी नवी लाइन दोन्ही पद्धतींनी चालते. जूनपासून तुझ्या कॅमेऱ्याला स्वतःचा पत्ता असणार, थेट रस्त्यावरचा. अशा वेळी राखण करायचं काम पेटीला मुद्दाम सांगावं लागतं. ते कुणी सांगितलेलं नसावं. कॅमेऱ्याचा पासवर्डही कारखान्यातून आला तोच असेल, तो सगळ्या दुनियेला ठाऊक असतो. वायफायचा वेगळा, हा वेगळा. तू बदललास तो वायफायचा. तो कॅमेरा आपल्या कंपनीला बाहेर सारखी हजेरी देत असतो, तिथून कुठूनतरी त्याचा पत्ता कुणाच्या हाती लागला. तो माणूस लातूरचा असेलच असं नाही. तो ऐकत होता. मुली एकमेकींना हाका मारतात, नावं त्यानं तिथूनच उचलली.

आणि मी ठोठावलं ते जुन्या पत्त्यावर. आमच्या प्रयोगशाळेत अजून जुनीच पद्धत आहे, तिथून नवं दार दिसतच नाही. तुझं पत्र आल्यावर मी घरी आले, वायफाय बंद केलं आणि मोबाइलच्या नेटवरून माझ्याच प्रिंटरला त्याच्या नव्या पत्त्यानं हाक मारली. त्यानं ओ दिली. माझ्या घरात, मला खबर नसताना, दिवाळीपासून तो असा उघडा बसला आहे.

कॅमेऱ्याची तार काढून ठेव. रविवारी मी येते, पेटीचं आणि बाकी सगळं माझ्या हातानं बंद करते, आणि सायबर पोलिसांकडे आपण दोघी जाऊ. आसिफ निर्दोष आहे. हे मी आता खात्रीनं सांगते. त्याला शोधू. त्याच्यासमोर मी उभी राहीन, जे बोलायचं ते मी बोलेन.

सुकन्या


लातूर, ६ नोव्हेंबर

सुके,

तू येऊन गेल्यावर वर शांत आहे. पेटीची राखण चालू आहे, कॅमेरा कपाटात आहे. मलप्पा अजून म्हणतो, "मॅडम, पेटी जशी येती तशी आम्ही लावतो." त्याच्यावर चिडायलाही उसनं बळ आणावं लागतं. पोलिसांकडून काही कळलं नाही. उदगीरला मी स्वतः जाऊन आले. अर्शियाच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "तुमची खात्री तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, आपा." आत भांड्यांचा आवाज येत होता. पोरगी बाहेर आली नाही. पुढच्या महिन्यात तिचा साखरपुडा आहे.

आसिफ सापडला. त्याच्या दोस्तानं इतके दिवस तोंड उघडलं नव्हतं, शेवटी माझी दशा बघून सांगितलं. माहूरला आहे. एसटी स्टँडजवळ एकाच्या दुकानात मोबाइल दुरुस्त करतो, वरच लॉजच्या माळ्यावर झोपतो. तुला न सांगता गेले. तू बोलायला येणार होतीस, पण हे बोलणं माझंच होतं.

गडावर जाणाऱ्यांची गर्दी होती. तो काचेमागे मान खाली घालून बसला होता, वाळला आहे. मला बघून उभा राहिला आणि मालकाला म्हणाला, "जरा येतो." बाहेर बाकावर बसलो. मी सगळं सांगितलं. जुनी पद्धत, नवी पद्धत, दुसरं दार, तुझा प्रिंटर, मला समजलं तेवढं. तुझं पत्र बरोबर नेलं होतं, त्यातली ओळ वाचून दाखवली, आसिफ निर्दोष आहे ही. मला वाटलं, तो रडेल. मला वाटलं, बॅग घेऊन येतो म्हणेल.

तो म्हणाला, "हे पण मावशीनंच सांगितलं ना?"

मी म्हटलं, हो, तिनं पक्की तपासणी केली आहे.

"म्हंजी मावशीनं लिहिलं आतला हाय, तवा मी चोर. आता मावशीनं लिहिलं बाहेरचा हाय, म्हणून मी साव. अम्मी, तुला सोताला काय ठावं होतं माझ्याबद्दल? वीस वर्सं मी तुझ्यापाशीच होतो की."

सुके, त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पाय धरले असते. मी म्हटलं, मुलींसाठी करावं लागलं बेटा, त्यांची जबाबदारी होती. तो म्हणाला, "ते बरोबरच होतं. काढायचंच होतं तर काढायचं. पण एकडाव विचारायचं. मी कोपऱ्यावर थांबलो होतो, तू हाक मारशील म्हणून."

घरी चल म्हटलं. नको म्हणाला. "उद्या अजून कायतरी बिघडंल, तू पहिलं माझ्याकडंच बघशील. मग मावशीला लिहशील." मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्यानं ते पाहिलं.

मग त्यानं मला चहा पाजला, तब्येत विचारली, गोळ्या घेते का विचारलं. एसटी लागली तशी पुढे होऊन रुमाल टाकून खिडकीची जागा धरली, मला बसवलं आणि गाडी सुटेपर्यंत खाली उभा राहिला, पाहुणीला पोचवायला आल्यासारखा.

तुझ्यावर माझा राग नाही. पण आता काही दिवस मला पत्र लिहू नकोस. तो परत येईल की नाही, हे तर मुळीच लिहू नकोस. तू लिहिलंस की मी ते खरं धरते.

वहिदा